चौकातली दिल्ली

दादा, गेला पंधरवडा पलूसच्या चौकात तुझे दोन फोटो होते, आणि दोन्ही एकच होते. फेटा बांधलेला, हात जोडलेले, ओठाच्या एका कोपऱ्यातून हसू. खालच्या फ्लेक्सवर तू शुभेच्छुक होतास, वरच्यावर स्वर्गवासी. मंडळाच्या पोरांना चौकात दुसरी जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स अनूच्या अभिनंदनाच्या सांगाड्यावरच बांधला, आणि तो लहान निघाला. मग झालं असं, की सगळ्यात वर 'हार्दिक अभिनंदन' तसंच दिसत राहिलं, त्याच्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि तळाशी कोपऱ्यात पुन्हा तू, हात जोडून शुभेच्छा देणारा. दुकानाला जाता-येता मला तिथूनच जावं लागतं. पहिल्या दिवशी रडू आलं. दुसऱ्या दिवशी हसू आलं, आणि त्या हसण्याची लाज वाटून पुन्हा रडू आलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास आणि मग प्रिंटरला फोन लावून त्याची कवायत घेतली असतीस.

तू कुठं जन्मलास, कुठं कुठं नोकरी केलीस, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात घर कधी बांधलंस, ते सगळं त्या वरच्या फ्लेक्सवर छापलं होतं. मला ते लिहायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय. अर्ध्यावर फोन ठेवलास तू. ही तुझी जुनी खोड, पण फोन ठेवून इतक्या लांब कधी गेला नव्हतास.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. पहिल्यापासून मांडल्याशिवाय मला भांडता येत नाही, आणि तू दर वेळी मधूनच सुरू करायचास.

तर अनू बारावी झाली. माझी एकुलती एक लेक आणि तुझी लाडकी भाची. माझं पलूसमध्ये ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. तालुक्यातल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, सगळं माझ्या हातून जातं. त्यामुळे माझ्या पोरीनं कुठं अर्ज करायचे हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिला माती शिकायचीय. आमच्या ओढ्याकडच्या तुकड्याला पाणी पाजून पाजून वर मीठ फुटलंय, ऊस पिवळा पडतो, हे ती परकर नेसत होती तेव्हापासून बघते. तिनं दोन कॉलेजांत अर्ज केले. एक दिल्लीचं, नावाजलेलं, काचेच्या इमारतींचं. दुसरं बंगळूरचं, साधंच दिसणारं, पण तिथं खारवट जमिनींवर काम करणाऱ्या एक बाई शिकवतात. दोन्हींची फी ऐकून हे तांब्याभर पाणी प्याले आणि रानात निघून गेले. मग मी समजावलं, की ही कॉलेजं आधी पोराची निवड करतात आणि नंतर घरची परिस्थिती बघून फी माफ करतात. कुणाची थोडी, कुणाची सगळी. निवडीचं पत्र वेगळं, माफीचं वेगळं, आणि दोन्हींच्या मधे नुसतं थांबायचं. अनू त्याला 'एड' म्हणायची, मी 'माफी' म्हणायचे, आणि तू म्हणायचास 'रेशन'. रोज सकाळी तुझा फोन, "रेशन आलं का?"

आणि तू काय केलंस? दिल्लीचं निवडीचं पत्र आलं त्याच दिवशी फ्लेक्स लावलास.

दुपारी मी तुला फोनवर सांगितलं आणि दिवेलागणीला तू एसटीतून पलूसच्या स्टँडवर उतरलास. वाटेत कराडला उतरून फ्लेक्स छापून घेतला होतास, गुंडाळी खांद्यावर, जणू बंदूकच. चौकात बांधूनच घरी आलास. मी बघायला गेले तर काय, अनूचा दहावीतला दोन वेण्यांचा फोटो, मागे इंडिया गेट, 'पलूसच्या सुकन्येची दिल्ली येथे निवड', आणि खाली मंडळाचे पंधरा दादा-भाऊ, ज्यांच्यातल्या एकानंही अनूला कधी पाहिलेलं नव्हतं. तू सगळ्यांच्या पुढं, मोठा.

"दादा, अजून माफीचं पत्र यायचंय," मी म्हटलं. "पैशाचं ठरल्याशिवाय ती जाणार कशी?"

"यादीत नाव लागलं न्हवं? मग झालं. भरतीत नाव लागल्यावर पगार किती म्हणून कोण इचारतंय व्हय?"

इथंच घोडं पेंड खात होतं. तू आयुष्यभर एकच यादी ओळखलीस, भरतीची. त्या यादीत नाव आलं की घरी पेढे, गावात मिरवणूक, आणि तिसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन गाडीत. आपल्या भागात घरटी एक माणूस तसाच गेलाय. निवड झाली तरी पोरगी जाईलच असं नाही, ही गोष्ट तुझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती. मला राग आला, आणि तुझ्या ताटात पुरणपोळीही वाढली. दोन्ही एकदमच करत आलेय मी लहानपणापासून.

मग बंगळूरचीही निवड आली. तू जरा गप्प झालास, कारण फ्लेक्स दिल्लीचा होता. त्यानंतर दिल्लीचं माफीचं पत्र आलं. शिकवायची फी अर्धी माफ, पण राहणं-खाणं सगळं आपलं. बंगळूरनं आणखी कागद मागितले. उसाचं उत्पन्न दर महिन्याला किती, असं त्यांनी विचारलं होतं. आता ऊस काय दर महिन्याला तुटतो का? मी तीनदा समजावून लिहिलं. आणि थांबलो.

ते थांबणं तुला काय सांगू. माझ्या काउंटरवर माणसं उभी, बोटं त्यांचे अर्ज भरतायत आणि डोळे अनूच्या मेलवर. कुणाच्या नावात मी अनूचं नाव टाकलं, कुणाचा आधार नंबर दोनदा. घरात भाजी करपायची. अनू नुसती अंगणातून आत, आतून अंगणात. तिनं संगणकावर एक तक्ता केला होता, इकडं दिल्ली, इकडं बंगळूर. बंगळूरच्या बाजूला निम्म्या रकान्यांत प्रश्नचिन्ह. रोज ती तो उघडायची, बघायची, बंद करायची. दिल्लीला होकार कळवायची तारीख जवळ येत चालली होती आणि बंगळूरकडून हूं की चूं नाही. माझ्याकडं येणाऱ्या बायांना मी सांगते, "येईल हो, जरा दम धरा." त्या दिवसांत मला कुणी तसं म्हटलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

तुझी तुलना मात्र वेगळ्याच तऱ्हेनं चालली होती. तू दोन्ही कॉलेजांच्या गेटवर फोन केलास.

मला आधी खरंच वाटेना. ऑफिसला नाही, मास्तरांना नाही, गेटवर. "हापिसातला माणूस इस्त्रीचं बोलतो," तू म्हणालास. "गेटवर आपलीच माणसं असत्यात. पेन्शनवर आलेली. त्यांस्नी ठावं असतं, पोरी रात्री परत कशा येत्यात, लंगर, म्हंजी जेवण, कसं हाय, गरिबाची पोरं मान वर करून चालत्यात का." आणि ते नंबर तू मोबाइलमध्ये 'गेट दिल्ली' आणि 'गेट बंगळूर' असे टाकलेस. अनू तो फोन बघून लोळून हसली.

मी हसले नाही, कारण मला कराड आठवलं. बारावीनंतर घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. तू सुट्टीवर आलास, आपल्या अण्णांपुढं बसलास, आणि "ती बीए करणार," एवढंच म्हणून उठलास. परत ड्युटीवर जाताना मला कराडच्या कॉलेजात सोडलंस. आत आलाच नाहीस. गेटवरच्या शिपायाला गाठलंस, तंबाखू दिलीस, आणि माझ्या देखत सांगितलंस, "ही माझी बहीण. दिवेलागणीच्या आत बाहेर पडली न्हाई तर मला कळवायचं." तू होतास कुठं बर्फात, तुला तो कळवणार कसा, हे त्यानंही विचारलं नाही. पण बीए होईपर्यंत त्या माणसानं मला रोज हाक मारली. "फौजीची बहीण, निघाली काय?" सगळ्या पोरी ऐकायच्या. माझं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं, सगळ्या कॉलेजात मी फौजीची बहीण. इतकी चिडायचे मी. आज दुकान आहे, चार लोक ताई म्हणतात, ते त्या गेटातून आत गेले म्हणून. हे तुला मी कधी म्हटलं नाही. भाऊबीजेला ओवाळताना ओठांवर यायचं, आणि तेवढ्यात तू तबकात काय टाकलंयस यावरून काहीतरी चेष्टा करायचास आणि राहून जायचं.

तर गेटांचा रिपोर्ट आला. दिल्लीबद्दल तू म्हणालास, "गेट कडक हाय." पुढं काहीच नाही. बंगळूरबद्दल मात्र थांबेनास. तिथं बेळगावकडचा परशराम म्हणून माणूस निघाला, तुझ्याच पलटणीत होता, तुझ्या नंतरच्या बॅचचा. पोरं जाता-येता त्याला राम राम करतात. मेसमध्ये भाकरी मिळते. एका पोरीला ताप आला तर बाई स्वतः गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या.

"मग बंगळूरच की," मी म्हटलं.

"पर फ्लेक्स दिल्लीचा लागलाय ना."

तुझ्या तोंडून हे ऐकलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. तुझं म्हणणं, चौकात बोललेला शब्द फिरवायचा नसतो. लोक म्हणतील, सुभेदारानं थापा मारल्या, पोरीला दिल्लीनं काढलं. माझं म्हणणं, पोरगी चौकात शिकायला जाणार नाही. रोज फोनवर तेच. ह्यांनी तर मधे पडायचं सोडून दिलं. "भावा-बहिणीच्या भांडणात मी कशाला," म्हणायचे आणि बैलांना पाणी दाखवायला जायचे. आमच्याकडं आता बैल नाहीत, तरी जायचे.

आणि मग तो शेवटचा फोन. मी म्हटलं, "बंगळूरचं पत्र येईपर्यंत थांब. दिल्लीची निम्मी फी तरी आपल्याला झेपणार आहे का?"

"उरलेलं मी भरतो. पेन्शन कुणासाठी हाय?"

"आणि उद्या तुला काही झालं तर?"

हे मी म्हणाले. रागाच्या भरात, व्यवहार म्हणून, जसं कुणीही म्हणतं तसं.  मग मी आणखी सुनावलं, "तुला पोरगी शिकवायचीय का फ्लेक्स शिकवायचाय ते एकदा ठरव." तू म्हणालास, "बघतो," आणि फोन ठेवलास.

दोन दिवसांनी सकाळी फिरून आलास, वहिनीला चहा टाक म्हणालास, आणि चहा उकळेपर्यंत गेलास. साताऱ्याला पोहोचेपर्यंत गाडीत माझ्या कानात तेवढं 'बघतो' वाजत होतं. काय बघणार होतास? मला बघून घेणार होतास, का पोरीचं बघणार होतास? दारात तुझे बूट होते, ओल्या चिखलाचे. मी ते बघितले आणि मला तुझा एवढा राग आला, की मी रडायचं विसरले. भांडणातून असं उठून जातात का दादा?

त्यानंतर फ्लेक्सचा अर्थच बदलला. तोवर ती तुझी हौस होती. आता ती तुझी इच्छा झाली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस अनूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "दिल्लीला जा पोरी, मामाची लय इच्छा होती." वहिनी म्हणाली. तुझे मित्र म्हणाले. तुझी पेन्शन थांबली, वहिनीला मिळेल ती तिच्या घराला लागणार, उरलेली फी आणायची कुठून, हे कुणी बोलत नव्हतं. "समदे मिळून बघू," म्हणायचे. मला ते 'समदे' चांगले ठाऊक आहेत. तेराव्याचं जेवून ते आपापल्या गावाला जातात.

दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर, काव काव चाललेली, पण खाली एक उतरत नव्हता. तुझ्या लेकानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळतो. नाही. कुणी म्हणालं घराचा हप्ता फेडू. नाही. ऊन चढत होतं. मला आतून वाटत होतं, आता कुणीतरी तेच बोलणार. आणि बोलले ते आमचे हे. पुढं झाले, चपला काढल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "सुभेदार, अनूला दिल्लीलाच धाडतो. शब्द देतो."

कावळा आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी अनूकडं बघितलं, ती घाटाच्या पायऱ्या बघत होती. परतीच्या एसटीत कराड मागं पडलं. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, "आई, कावळ्याला विचारलं, मला कुणी विचारलं का?"

 यावर तुला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

आणि बघ, दुसऱ्याच दिवशी बंगळूरचं पत्र आलं. फी सगळी माफ, राहायचंही माफ, फक्त जेवणाचे भरायचे. अनूनं तक्ता उघडला, प्रश्नचिन्हं पुसली आणि रकाने भरले. मग तोंड धुवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही. मी ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ह्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. म्हणाले, "चांगलं झालं असतं गं. पर मी शब्द दिलाय." मी आवाज चढवला, त्यांनी चढवला नाही. "मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडून पोरीला घराबाहेर काढू? तिथं तिला काही झालं तर मी कुणाकडं तोंड करू?" बिचाऱ्या माणसाला खरंच भीती वाटत होती. आणि मला तरी कुठं वाटत नव्हती? तोंडानं मी बंगळूर म्हणत होते. पण चौकातून जाताना त्या फेट्यातल्या हसण्याकडं वर बघायची माझी हिंमत होत नव्हती. दिल्लीला होकार कळवायची तारीख त्याच आठवड्यातली होती, बंगळूरचीही. एकाला हो म्हणायचं म्हणजे दुसरीकडचं सगळं सोडायचं.

वहिनीनं तुझा मोबाइल माझ्याकडं दिला होता. तुझ्या फौजेतल्या मित्रांचे फोन येत होते आणि तिला प्रत्येकाला सांगवत नव्हतं. मला सांगवत होतं असं नाही, पण दुकानात बसून मला अनोळखी माणसांशी बोलायची सवय आहे. जम्मूहून फोन, गोरखपूरहून फोन. "मी त्यांची बहीण. दादा गेले." त्या वाक्याला हळूहळू धार राहिली नव्हती.

एक दिवस दुपारी एका आजोबांच्या हयातीचा दाखला करत होते आणि फोन वाजला. बघते तर 'गेट बंगळूर'.

"राम राम साहेब. पोरीचं पत्र आलं काय ओ? हापिसातल्या बाई म्हणाल्या, समद्यांची धाडली."

"मी त्यांची बहीण बोलते," मी म्हटलं. पुढचं वाक्य म्हणणार तेवढ्यात तो म्हणाला, "हां हां, पलूसच्या. मग चौकातला तो बोर्ड उतरला काय?"

"कुठला बोर्ड?"

"दिल्लीचा ओ. साहेब म्हणले हुते, रविवारी पलूसला जातो आणि माझ्या हातानं उतरवतो. पत्र येऊ दे न्हाईतर न येऊ दे, पोरगी बंगळूरलाच येणार, तिचा जीव तिथं हाय म्हणले. पर बहिणीला आदी सांगणार न्हाई. आदी सांगितलं तर ती डोक्यावर मिरे वाटंल. साहेब कुठं हाईत? द्या की जरा."

दादा, तोवर कितीजणांना सांगितलेलं ते वाक्य त्या वेळी मी दोनदा सुरू केलं आणि दोनदा अर्ध्यावर सोडलं. शेवटी मी काय म्हटलं मला आठवत नाही.  पलीकडं गेटवर गाड्यांचे आवाज येत होते, पोरांची बडबड येत होती. मग तो म्हणाला, "परवाच्या शुक्रवारी फोन करणार हुते. म्हटलं कामात असतील." मी फोन ठेवला आणि काउंटरवर डोकं टेकून हसत होते का रडत होते, मलाच कळेना. मिरे वाटंल म्हणे. परक्या माणसाला सांगायला तुला लाज नाही वाटली? आजोबा उठले, म्हणाले, "बाय, माझा दाखला उद्या कर. मी काय आज मरत न्हाई."

तुझा 'बघतो' म्हणजे हा रविवार होता तर. तू शुक्रवारी गेलास. एवढी घाई कुणाला होती?

मी दुकान बंद केलं आणि तडक घरी. ह्यांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, लावा तुम्हीच. ह्यांनी लावला. अंगणात उभे राहून सगळं ऐकलं, मधे मधे "हां", "बरं". फोन ठेवून कट्ट्यावर बसले.

"मग कावळा कशाला शिवला?"

"कुत्रं उठून गेलं म्हणून," मी म्हटलं. "पिंडाशेजारी बसलं होतं ते. तुम्ही डोळे मिटून बोलत होता, मी बघत होते."

 मग म्हणाले, "सुभेदारांनी मला तरी सांगायचं हुतं." त्यांना वाईट वाटलं होतं, दादा. भावा-बहिणीच्या भांडणात कशाला म्हणणारा माणूस, पण तू त्याला नाही सांगितलंस याचं त्याला वाईट वाटलं. आणि मग उठताना अनूला हाक मारून म्हणाले, "पोरी, कुठं टिचकी मारायची असती ती मार. बंगळूरवर मार." अनूनं माझ्या दुकानात, माझ्याच संगणकावर होकार कळवला. हजारो अर्ज मी न बघता पुढं ढकललेत; त्या वेळी मात्र मी तोंड फिरवून दाराकडं बघत उभी होते.

तेरावं झालं आणि मग आलेल्या रविवारी आम्ही चौकात गेलो. ह्यांनी सोसायटीतून शिडी आणली. मंडळाची पोरं धावत आली, "आवं काकी, ऱ्हाऊ द्या की, आमी काढतो." मी म्हटलं, नको, हे आमच्या घरचं काम आहे. मी शिडीवर चढले. आधी तुझी श्रद्धांजली सोडवली. मग खाली सबंध अभिनंदन दिसलं, इंडिया गेट, दोन वेण्या, आणि तू. तुझ्या फोटोच्या कडेची सुतळी तू स्वतः बांधलेली, ती तुझी फौजी गाठ, माझ्यानं सुटेना. ह्यांनी खालून विळा दिला. कापावीशी वाटेना. नखं मोडली, पण सोडवली. चौकातली चार माणसं बघत उभी होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दिल्ली रद्द झाली व्हय?" मी वरूनच म्हटलं, "व्हय. दादानं रद्द केली." तेवढंच. कुणी हसलं नाही. तुला ज्या चौकाची एवढी धास्ती होती ना, त्यानं तंबाखू मळली आणि आपल्या कामाला गेला.

फ्लेक्स खाली आला तसा मी सवयीनं घडी घालायला लागले. अनूनं माझा हात धरला. "आई, मामाला दुमडू नको. गुंडाळ." गुंडाळला. आता तू दुकानात दाखल्यांच्या गठ्ठ्याशेजारी कोपऱ्यात उभा आहेस, भांडण ऐकायला. मी जिंकले दादा. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला ते, समोरासमोर, चहा पिताना, तू नजर चुकवत असताना. मी तुला आठवडाभर चिडवलं असतं. त्याआधी आभारही मानले असते, कदाचित. नसते मानले. तुझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली असती.

काल मी 'गेट बंगळूर'ला फोन लावला. सांगितलं, अनू येतेय, तिचा मामा सोडायला येणार होता, आता आम्ही दोघं येतो, वहिनीनं मामाची काळी ट्रंक दिलीय. परशराम म्हणाला, या. मग जरा घुटमळला.

"ताई, साहेबांनी मला एक ऑर्डर दिलीती. पोरगी दिवेलागणीला आत आली न्हाई तर मला कळवायचं, म्हणले हुते. आता कुणाला कळवू?"

मी म्हटलं, "मला."

त्यानं माझा नंबर घेतला आणि विचारलं, कुठल्या नावानं टाकू. मी म्हटलं, लिहा, फौजीची बहीण.